भिंतीवरची भिंगरी

पहिली गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. डोंगरापलीकडच्या मांत्रिकाने या राज्यातली माणसं ओढून न्यायला सुरुवात केली, मग गुबगुबीत गालांची एक मुलगी आपल्याच वयाची वात्रट पोरंपोरी गोळा करून त्याच्या गडावर चालून गेली, मांत्रिक मेला, मुलगी राणी झाली आणि गल्लोगल्ली पताका लागल्या. गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि टाळ्यांची वाट बघतात. बघोत बिचारे, पोट त्यांनाही आहे. पण पताका उतरवल्या तरी माणसं घरात उरतातच. त्यांना रोज चूल पेटवावी लागते, आणि जे माणूस परत आलं नाही त्याचं अंथरूण घालायचं की नाही हे रोज नव्याने ठरवावं लागतं. दुसरी गोष्ट तिथून सुरू होते. तिच्यात लढाई नाही, म्हणून ती कोणी सांगायला बसत नाही.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, पावाच्या भट्टीला लागून, एका शिंपिणीचं दुकान होतं. तिथे कपडे शिवत नसत, सावल्या शिवत. मांत्रिकाची सगळी करामत सावलीवर चाले. सावली त्याच्या हाती लागली की माणूस दावणीला बांधल्यासारखा तिच्यामागून जाई. म्हणून डोंगरापलीकडे जाणाऱ्याने आपली सावली घरी ठेवून जायची, अशी रीतच पडली होती. शिंपीण दिव्याच्या उजेडात टाचेपाशी सावली कापून घेई आणि त्याच्या घरातल्या पांढऱ्या भिंतीवर साध्या सुती दोऱ्याने टाचून देई. माणूस तिकडे जे करी तेच सावली इकडे भिंतीवर करी, फक्त जरा उशिराने. माणूस जितका लांब, तितकी सावली मागे. तो परत आला की टाके उसवायचे आणि सावली पुन्हा त्याच्या टाचेला शिवायची. नाही आला, तर आधी सावलीची कड सुटे, मग ती विटत जाई आणि भिंत पांढरी होई. घरच्यांना वेगळा निरोप लागत नसे.

शिंपिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. हाताने चलाख, तोंडाने त्याहून चलाख. तिचा नवरा दिवे बनवायचा. सावली कापताना ज्योत जराही हलून चालत नाही, आणि दिवेवाल्याच्या हातातली ज्योत भिंतीवर रंगवल्यासारखी स्थिर असायची. या दोघांचं लग्न ठरलं तेव्हा लोक म्हणाले होते, ही सोयरीक कसली, हा तर धंदा वाढवायचा बेत. दिवेवाला मुळातच कमी बोलणारा. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे होतं आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

त्यांना एकच मुलगी. नाव काहीही असो, हाक भिंगरी. चालायला शिकायच्या आधी ती गोल फिरायला शिकली, असं मावशी सांगायची. भर दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना, ही दोन्ही हात पसरून मधोमध गरागरा फिरायची, वेणी आडवी उडायची, आणि मग धाडकन कुठल्यातरी गाठोड्यावर जाऊन पडायची. मावशीने तिला सुई धरायला शिकवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. सुईत दोरा ओवेपर्यंतसुद्धा पोरगी एका जागी टिकत नसे. 'हलू नकोस' हे दोन शब्द मावशीने तिला जितक्या वेळा ऐकवले असतील तितक्या वेळा 'जेव' म्हटलं नसेल. शेजारपाजारची पोरं यायची, त्यांत ती गुबगुबीत गालांचीही असायची. तिला या घरात ढब्बू म्हणत, आणि ती राणी झाल्यावरही या घरात ती ढब्बूच राहिली. राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना ते ऐकून घाम फुटायचा.

जायच्या दिवशी मावशीने ढब्बूची सावली कापली, पाववालीच्या थोरल्याची कापली, आणि शेवटी भिंगरीची. तेव्हाही ती हलली. टाचेपाशी काप वाकडा गेला. मावशी चिडली, म्हणाली, "आता आल्यावर शिवताना माझाच जीव जाणार." भिंगरीने आईच्या गळ्यात हात टाकले, एक गिरकी घेतली आणि बाहेर पळाली. आईने तिच्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य. असं वाक्य माणसाला जन्मभर टोचत राहतं, ते कितीही साधं असलं तरी.

गडावर काय झालं ते पहिल्या गोष्टीत एका ओळीत उरकतात. मांत्रिक मेल्यावर गड ढासळायला लागला, वरून लोखंडी दार खाली येत होतं, आणि सगळे बाहेर पडेपर्यंत कोणीतरी ते खांद्यावर धरून ठेवलं. ते कोणीतरी म्हणजे भिंगरी. आयुष्यात एकदाच ती एका जागी स्थिर उभी राहिली. गड तिच्यावर बसला. पोरांनी हाताने दगड उपसले, पण बर्फ पडायला लागलं आणि त्यांना खिंड उतरावी लागली.

त्याच दिवशी इकडे गल्लीतल्या कितीतरी भिंती पांढऱ्या झाल्या. पाववालीच्या घरातून आवाज आला तेव्हा मावशीने कात्री टाकली आणि दुकानातल्या आतल्या भिंतीकडे धावली. भिंगरीच्या सावलीची कड सुटली होती. मावशीने ती बघितली आणि स्वतःशी मोठ्याने म्हणाली, "टाका सैल पडलाय. ओल धरलीय भिंतीने." दुसऱ्या कोणाच्या घरी तिने हे बघितलं असतं तर काय समजायचं ते एका नजरेत समजली असती. पण ही तिच्या घरची भिंत होती. तिने सुती दोऱ्याने कड पुन्हा शिवली, ती पुन्हा सुटली. परत शिवली, परत सुटली. मग तिने जे कोणीही शिंपीण करत नाही ते केलं. स्वतःच्या सावलीच्या काठाचा एक धागा ओढला, सुईत ओवला आणि त्याने मुलीची सावली भिंतीला पक्की शिवून टाकली.

सावली काळी झाली. बऱ्याच वेळाने तिने हात हलवला. मावशी उंबऱ्यात येऊन सगळ्या गल्लीला ओरडून सांगायला लागली की माझी आहे, माझी जिवंत आहे. शेजारी जिच्या घरी रडं चाललं होतं ती पाववालीही डोळे पुसून बघायला आली आणि हात जोडून गेली.

तेव्हापासून मावशीचा दिवस त्या भिंतीसमोर उगवायचा आणि तिथेच मावळायचा. काम करता करता ती मान वळवून बघायची, आणि दिसेल त्याचा अर्थ लावायची. ही बघा, खाली वाकून झाडतेय, म्हणजे कुणीतरी घरात ठेवून घेतलंय. ही ढवळतेय काहीतरी, म्हणजे उपाशी नाही. कुठल्यातरी लांबच्या गावात अडकलीय पोर, पाय मोडला असेल, खिंड चढता येत नसेल, बरी झाली की येईल. एका सकाळी सावली मांडी घालून बसली आणि सुई चालवायला लागली. मावशीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तिने नवऱ्याला हाताला धरून ओढत आणलं. आईचं ऐकलं नाही, पण परक्या घरी जाऊन शिकली की नाही बघा, म्हणत तिने पदराने डोळे टिपले. दिवेवाला बराच वेळ बघत राहिला. शिवतेय खरी, एवढंच म्हणाला, आणि तेल आणायला बाहेर गेला. तेलाचा डबा भरलेला होता.

आता बर्फ वितळलं होतं. राणीने दवंडी पिटवली की खिंड मोकळी झाल्याबरोबर ती स्वतः पलीकडे जाणार आणि भिंगरीला घेऊन येणार. साऱ्या राज्यात मालकावाचून हलणारी अशी ती एकच सावली उरली होती. मांत्रिक गेला होता, पण त्याने सोडलेली जादू तिकडे मालक मेलेल्या कुत्र्यांसारखी मोकाट फिरत होती आणि मिळेल त्याला फाडत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. तरी तरणी पोरं नावं द्यायला पुढे आली, कारण भिंगरीने दार धरलं नसतं तर त्यांच्यातली निम्मी आज नसती.

सावल्या ठेवायला दुकानासमोर रांग लागली. दुपारची वेळ, पण सावलीच्या कामासाठी खिडक्यांना जाड पडदे लावले होते. पाववाली ताजे पाव घेऊन आत आली. तिची धाकटी रांगेत उभी होती, तिने न विचारता नाव दिलं होतं. पाववालीने पावाची टोपली ठेवली, जायला निघाली, आणि दारातून परत फिरली.

"ताई," ती म्हणाली, "नक्की आहे ना गं ती?"

"रोज बघते मी," मावशी म्हणाली.

पाववालीने मान हलवली आणि गेली. ती तक्रार करायला आली नव्हती, आणि म्हणूनच मावशीला ते जास्त लागलं. कात्री घ्यायला वळताना तिचा कोपर टाचण्यांच्या डब्याला लागला आणि सगळ्या टाचण्या फरशीवर सांडल्या. दिवेवाला मदतीला वाकत होता, त्याला तिने झिडकारलं. गुडघ्यांवर बसली, रांगत रांगत, तळहात फरशीवर सपाट फिरवत, एकेक टाचणी वेचून, उजवीकडचा दात पडलेला म्हणून डावीकडे, ओठांत धरत राहिली. डोळ्यांना अंधारात दिसत नव्हतं, पण बोटांना सवय होती. मग टाचण्या डब्यात टाकल्या, कंबर धरून उठली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं.

पहिली राणीच आली. पहारेकरी बाहेर ठेवले, मुकुट तर तिने आणलाच नव्हता. जोडे काढून ती नेहमीच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दिवेवाल्याने दिवा धरला. मावशी तिच्या टाचेपाशी बसली आणि तिने कात्री उघडली. राणी लहानपणीसारखी भडाभडा बोलत होती, भिंगरी भेटली की आधी तिच्या कानाखाली एक वाजवणार आणि मग सांगणार की दार मी धरणार होते, तू कोण मला ढकलणारी. बोलता बोलता ती थांबली.

"मावशी, तिकडे बघ. ती रांगतेय."

मावशीने मान वर केली. भिंतीवर भिंगरीची सावली गुडघ्यांवर होती. तळहात जमिनीवर सपाट फिरवत पुढे सरकत होती. एक हात तोंडाकडे गेला, परत खाली आला, परत तोंडाकडे गेला.

"कुठेतरी पडलीय ती," राणीचा आवाज चिरकला. "चाचपडतेय. दिसत नाहीये तिला. मावशी, लवकर काप, मी आजच निघते."

मावशीला त्या हाताची ओळख पटली होती. टाचणी वेचणारा हात दुसऱ्या कशासारखा दिसत नाही. अंगठा आणि तर्जनी जुळतात, मनगट आत वळतं, आणि टाचणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यात जाते, कारण उजवीकडचा दात पडलेला असतो. भिंगरीचे सगळे दात शाबूत होते.

 तरी तिने खात्री करून घ्यायची ठरवली. कामात खोट निघाली तर ती सिद्ध झाल्याशिवाय कबूल करायची नाही, हा तिचा जन्माचा हेका. तिने मोकळा हात उचलून डोक्यावर ठेवला आणि वाट बघत बसली. राणीला वाटलं, मावशीला भोवळ आली. भिंतीवरची सावली टाचण्या वेचत राहिली, वेचत राहिली, मग कंबर धरून उठली, उंबऱ्याकडे हात करून कोणाला तरी बोलावलं, खाली बसली. आणि मग तिने एक हात उचलून डोक्यावर ठेवला.

कात्री मावशीच्या हातातच होती. काही न बोलता तिने ढब्बूची सावली कापली असती तर कोणाला कळलं नसतं. उद्या सकाळीही भिंतीवर मुलगी उठली असती, केस विंचरले असते, चूल पेटवली असती. आई जिवंत असेपर्यंत ती जिवंत राहिली असती. त्यासाठी फक्त बाहेर रांगेत उभी असलेली पोरं खिंडीपलीकडे पाठवायची होती. मावशीच्या मनात हे आलं, आणि एक क्षण नाही, चांगला बराच वेळ राहिलं. ती काही देवता नव्हती, आई होती.

मग तिच्या लक्षात आलं की समोरचा उजेड थरथरतोय. दिवेवाल्याच्या हातातली ज्योत हलत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने ती कधी हललेली बघितली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

"ती शिवायला बसली त्या दिवशी," दिवेवाला म्हणाला. "आपली भिंगरी कधी शिवायला बसेल का गं?"

"मग बोलला का नाही?"

त्याने दिवा दुसऱ्या हातात घेतला. "तू जेवायला लागली होतीस."

 या माणसाने मुलीचं दुःख एकट्याने पोटात ठेवलं होतं, रोज तिच्याबरोबर भिंतीसमोर उभं राहून हो ला हो म्हटलं होतं, आणि ती त्याला चारचौघांत मुखदुर्बळ म्हणायची. तिने कात्री मिटली आणि खाली ठेवली.

"ढब्बू," ती म्हणाली, "तू जाऊ नकोस. कोणीच जाऊ नका. तिकडे कोणी नाहीये."

राणीला उमगेना. मग मावशीने तिला सगळं सांगितलं, गिऱ्हाइकाला कापड का आटलं ते सांगावं तितक्या सरळ. कड त्याच दिवशी सुटली होती. धागा माझा होता. त्या एका धाग्यातून माझ्यातलं जे झिरपतं ते थेंब थेंब पोचतं, म्हणून उशिराने दिसतं. इतके दिवस भिंतीवर मीच आहे. राणी ऐकता ऐकता खाली बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि दार मी धरणार होते, दार मी धरणार होते, एवढंच म्हणत राहिली. तिच्या पाठीवरून हात फिरवायला मावशीकडे तेव्हा ताकद नव्हती.

ती उठून भिंतीपाशी गेली. टाके उसवायचं हत्यार तिच्या कमरेलाच असायचं. पहिला टाका तिने उचलला आणि थांबली. सावली स्वस्थ बसली होती, हात डोक्यावर ठेवून, एखाद्या थकलेल्या बाईसारखी. आकार भिंगरीचा, वेणी भिंगरीची, टाचेला तो वाकडा काप. पण अशी ती कधीच बसली नव्हती. अशीच तिला जाऊ द्यायची या विचाराने मावशीचं काळीज तुटलं.

तिने पदर खोचला. खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि फिरायला लागली. गुडघे कुरकुरले, पहिल्या गिरकीला तोल गेला, पण ती थांबली नाही. डोळे मिटून, तोंडाने हुंदके देत, ती जड बाई आपल्या दुकानात गरागरा फिरत राहिली. राणीने मान वर केली आणि तोंडावर हात दाबला. दिवेवाल्याने काम अर्ध्यावर असताना दिवा खाली ठेवला, जे त्याने कधीच केलं नव्हतं, आणि ती कोसळायला आली तेव्हा तिला दोन्ही हातांनी धरलं. मग ती तिघं भिंतीकडे बघत उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. सावली उठली, भिंतीच्या काठापर्यंत गेली, थांबली, परत मधोमध आली. तिने हात पसरले. आणि भिंगरी फिरायला लागली. आईच्या अंगातला जडपणा तिच्यापर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचला असेल तर तो भिंगरीच्या आकारात मावला नाही. वेणी आडवी उडाली. घेर फुलला. अगदी तशीच, धाडकन गाठोड्यावर पडायच्या आधीची.

मावशीने भिंतीला कपाळ टेकलं. हाताने शोधून एकेक टाका उसवला, आणि शेवटचा उरला तेव्हा ती बोलली. जन्मभर जिला हलू नकोस म्हणून दटावलं तिला.

"फिर गं," ती म्हणाली. "फिर."

तिने धागा ओढला. भिंगरी फिरत फिरतच विटत गेली, आधी वेणी, मग पसरलेले हात, सगळ्यात शेवटी तो वाकडा काप. दिवेवाल्याने जाऊन खिडकीचा पडदा बाजूला केला. बाहेर अजून दुपारच होती. रांगेत उभी असलेली पाववालीची धाकटी पाव खात आपल्या आईला हसत काहीतरी सांगत होती, आणि आई म्हणत होती, आधी तोंडातला घास संपव.